प्रोसेसरची गती कोणी ठरवायची?

वर्गात एक प्रश्न जरूर विचारून पाहावा. संगणकाच्या प्रोसेसरची गती निम्मी केली, तर विजेची बचत होईल का? बहुतेक विद्यार्थी 'हो' म्हणतील. आपण हिशेब करू या.

प्रोसेसर काम करीत असताना लागणारी शक्ती ही वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. (प्रवाहाची गळती येथे धरलेली नाही.) नुसती वारंवारता निम्मी केली, तर शक्ती निम्मी लागेल, पण तेच काम उरकायला वेळ दुप्पट लागेल. म्हणजे ऊर्जा तेवढीच! मात्र गती कमी असली की कमी दाबावरही प्रोसेसर बिनचूक चालतो. दाब ०.८ पट केला, तर त्याच कामाला ०.६४ पट, म्हणजे ३६ टक्के कमी ऊर्जा पुरते.

अमेरिकेतील झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत मार्क वायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ही गोष्ट कार्यप्रणालीवर सोपवण्याचा विचार मांडला. अडचण एकच होती. पुढे किती काम येणार, हे आधी कसे कळावे? त्यांचा व्यवहार्य उपाय असा, की नुकत्याच सरलेल्या काही मिलिसेकंदांतील काम पाहून पुढची गती ठरवावी.

२००० सालच्या सुमारास अशी गती बदलणारे प्रोसेसर लॅपटॉपमध्ये आले. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, २००४ साली 'ऑनडिमांड' नावाचा नियंत्रक दाखल झाला. ठराविक अंतराने तो प्रोसेसर किती वेळ गुंतला होता हे मोजी, आणि व्याप मर्यादेपलीकडे गेला की थेट पूर्ण गती देई. पण अचानक आलेल्या कामाला पुढील मोजणीपर्यंत थांबावे लागे.

गंमत अशी, की कोणते काम कोणत्या प्रोसेसरवर जाणार हे कर्नेलमधल्याच 'शेड्युलर'ला ठाऊक असे. पंगतीत किती पाने मांडली हे वाढप्याला माहीत. आचारी मात्र मागच्या पंगतीच्या उष्ट्या पानांवरून अंदाज बांधतो, तसाच हा प्रकार!

२०१३ पासून शेड्युलर प्रत्येक कामाच्या भाराची स्वतंत्र नोंद ठेवू लागला. २०१६ साली राफाएल विसोत्स्की यांच्या 'शेडयुटिल' नियंत्रकाने हीच नोंद वापरून गती ठरवायला सुरुवात केली. भारापेक्षा गती २५ टक्के जास्त ठेवायची, हा त्याचा साधा नियम. ६० टक्के भार असेल तर ७५ टक्के गती.

दोघे एकाच कर्नेलमध्ये असूनही ही गाठ पडायला बारा वर्षे लागली. अवघड होते ते गणित नव्हे. गरज होती ती ज्याला माहीत आहे त्याला विचारण्याची.