वाचनालय आधी, कादंबरी नंतर : रत्नागिरीच्या वाचनाची गोष्ट

१/ मराठीत पहिली कादंबरी छापली जाण्याच्या २९ वर्षे आधी रत्नागिरीत वाचनालय होते. आजच्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र १८३२चे. कपाट आधी आले. त्यात ठेवायची बहुतेक मराठी पुस्तके अजून लिहिली जायची होती.

२/ पहिली मराठी कादंबरी म्हणून मान मिळतो तो बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला (१८५७). यमुना पतीसह प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांची दुःखे पाहते. चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ (१८६१) आली. समाजाचे वास्तव की कल्पनेची भरारी, हा वाचकांच्या आवडीनिवडीचा वाद तेव्हापासूनचा आहे.

३/ या नव्या प्रकाराला हिंदी आणि बंगालीने ‘उपन्यास’ म्हटले. मराठीने थेट बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचे नाव उचलले. एका कथेचे विशेषनाम साऱ्या वाङ्मयप्रकाराचे सामान्यनाम झाले : कादंबरी.

४/ त्या काळी वाचनालये वर्गणीवर चालत. मात्र वर्गणीदार एक असला, तरी वाचणारे अनेक असत. पुस्तक घरी आले की कोणी मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. परत करण्यापूर्वी शेजारचे घर ते मागून नेई. नोंदवहीत एकच नाव राही, पुस्तक मात्र चार उंबरे ओलांडून आलेले असे.

५/ १८९०मध्ये हरि नारायण आपट्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते : बालपण, विवाह, वैधव्य आणि अखेरीस सक्तीचे केशवपन.

६/ इथे शिफारशीला वेगळेच मोल येते. जिच्यावर हा प्रसंग उद्या ओढवणार होता, तिला वाचनालयाच्या दालनात सहसा प्रवेशच नव्हता. यमूची गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचायची, तर घरातल्या कोणीतरी तो अंक आत नेऊन देणे भाग होते. ‘हे वाच’ एवढे दोन शब्दही त्या काळी धाडसाचे होते.

७/ पुढे कोकणानेच मराठीला तिच्या लाडक्या कथा दिल्या. दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी यांनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचनाच रात्री जमलेल्या मंडळींना सांगितलेल्या गोष्टींची आहे. घरोघरी ती मोठ्याने वाचली गेली, यात नवल नाही.

८/ त्याच तालुक्यातील मुर्डीचे श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत आणि कोकणावर लिहीत. ‘गारंबीचा बापू’ १९५२ची, ‘रथचक्र’ला १९६३चा साहित्य अकादमी पुरस्कार, जगबुडीकाठच्या खोत घराण्याची कथा सांगणारे ‘तुंबाडचे खोत’ १९८७चे, दोन खंडांचे. दोन खंड वाचायला बसवणारी शक्ती जाहिरातीत नसते. ती आधी वाचून झालेल्या माणसाच्या आग्रहात असते.

९/ २०२८मध्ये या वाचनालयाला २०० वर्षे पूर्ण होतील. स्थापनेच्या वर्षी तेथे एकही मराठी कादंबरी असणे शक्य नव्हते. पुढे कोणते पुस्तक कपाटात नुसते राहिले आणि कोणते हातोहात फिरून झिजले, हे ठरवले ते वाचकांनी, एकमेकांना सांगून.