दिंडीची भांडी आणि एक चूल

॥ रामकृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, चोपदार, मृदंगवाले यांच्याविषयी जाणत्या मंडळींनी या पुस्तकात लिहिलं आहे. भांडाराची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून भांड्यांचं लिहायचं काम माझ्याकडे आलं. भांड्यांचा कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण माऊली, भजन पोट भरल्यावरच रंगतं, आणि पोट कसं भरलं ते भांड्यांना माहीत असतं.

ज्ञानोबारायांच्या पालखीचा आजचा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमाराला लावून दिला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. दिंड्यांची शिस्त तेव्हापासूनची. पण ती शिस्त चालण्याची आणि भजनाची. जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं. माझे आजोबा सांगत, आपल्या दिंडीच्या आरंभी सामायिक असं एकच भांडं होतं, पाण्याचा तांब्याचा हंडा. बाकी ज्याची त्याची शिदोरी. धडप्यात भाकरी, लसणाची चटणी, मिठाची पुरचुंडी. शिदोरी संपली की तीन दगड मांडायचे आणि मडक्यात कोरड्यास शिजवायचं. मुक्कामावर जितकी घरं तितक्या चुली.

मग गाडी आली. बैलगाडीबरोबर भांडी वाढली. त्या काळचं सामान सांगतो. पीठ मळायला लाकडी काठवट, कारण ती गाडीत आदळली तरी चेमटत नाही. दोन लोखंडी तवे, उलथनं, सांडशी, फुंकणी. आमटीला तांब्याचं मोठं तपेलं, वाढायला ओगराळं. वाटायला पाटा-वरवंटा. विहिरीवर पोहरा आणि दोर. धान्य मोजायला शेर आणि पायली. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. गोणपाटात गुंडाळलेल्या शेणी, कारण आषाढात वाळलं सरपण मिळत नाही. पत्रावळी पळसाच्या.

तपेल्याला दर साली वारीच्या आधी कल्हई लागायची. तांबं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेची आमटी केली तर ती कळकते आणि माणसं आजारी पडतात. इतकं लांब चालणाऱ्या माणसाचं पोट बिघडलं तर त्याची वारी तिथंच थांबली. म्हणून आजोबा म्हणायचे, टाळ फुटला तर चालंल, कल्हई उडता कामा नये.

प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे. कुणी मुलगा झाला म्हणून दिलं, कुणी आईच्या वर्षश्राद्धाला दिलं. नावं वाचली की शंभर वर्षांतली गावातली घरं डोळ्यापुढं येतात. फक्त काठवटीवर नाव नाही. मला लिहायचं आहे ते तिच्याबद्दल.

दिंडीत गावकुसाबाहेरची चार घरं पहिल्यापासून चालत. टाळ एकत्र वाजे. एकमेकांच्या पायाही पडत. पण मुक्कामाला त्यांची चूल गाडीच्या मागं, लांब. त्यांना आमटी वरून वाढत आणि पाणी वरून ओतत. वाढणाऱ्यांत माझे आजोबाही होते. हे झाकून ठेवलं तर हा इतिहास खोटा ठरेल. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिच्यापुढं आम्ही डोकं टेकवत होतो आणि परत येऊन चूल वेगळी मांडत होतो. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि देवाचं दार सगळ्यांना उघडलं. आमच्या चुलीचं दार त्यानंतरही बंदच होतं.

ते उघडलं दुष्काळानं. १९७२ ला पाऊस गेला. माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले. १९७३ च्या आषाढीला मी तेरा वर्षांचा होतो. गाडीत ज्वारी नव्हती, रेशनची लाल मिलो होती. तरडगावच्या मुक्कामाला सरपणही एकाच चुलीपुरतं. आमच्या बायका पीठ मळायला बसल्या, पण मिलोला चिकटाच नाही. भाकरी थापली की कडा चिरायची, उचलली की तुटायची. रात्र झाली, माणसं उपाशी.

गाडीमागच्या घरातली एक म्हातारी होती, तिला सगळे आक्का म्हणत. ती लांबूनच म्हणाली, "बायांनो, आधणाचं पाणी घाला, गार पाण्यानं न्हाई यायची ती." तरी जमेना. तेव्हा माझी आई उठली आणि काठवट आक्कापुढं नेऊन ठेवली. म्हणाली, "आक्का, तुम्हीच बसा." कुणी काही बोललं नाही. आक्कानं कढत पाण्यात पीठ मळलं, हातानं चेपून चेपून भाकरी उभी केली. मध्यरात्रीपर्यंत ती थापत होती आणि आई भाजत होती.

आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. पाणी पिऊन झोपले. दुसऱ्या दिवशी फलटणला पंगत बसली, आक्काच वाढत होती. आजोबांनी थोडा वेळ पत्रावळीकडं पाहिलं आणि मग हात पुढं केला. त्यानंतर दिंडीत दुसरी चूल कधी पेटली नाही.

पुढं बैलगाडी जाऊन ट्रक आला. तांब्याच्या जागी जर्मलची पातेली आली, मग स्टील, मग गॅसची शेगडी आणि पाण्याचा टँकर. आता शंभर माणसांना एका वेळी भाकरीला पंचवीस किलो पीठ, सहा-सात किलो तूरडाळ, असा किलोचा हिशोब असतो. एकादशीला शाबू, भगर आणि शेंगदाण्याचा कूट. २०२० आणि २०२१ ला रोगामुळं पायी वारी झाली नाही. त्या दोन आषाढात मी भांडार उघडून भांडी नुसती पुसून ठेवली.

काठवटीला आता चीर पडली आहे. पिठाला स्टीलची परात वापरतो. जुनी भांडी मोडीत द्यावीत असं काही तरुण मंडळी म्हणतात. फुटकी द्या, माझी ना नाही. काठवट मात्र राहू द्या. या पुस्तकाच्या शेवटी भांडी देणाऱ्यांची यादी छापली आहे. त्यात आक्काचं नाव नाही, कारण तिनं भांडं दिलं नव्हतं. माझी मंडळींना एवढीच विनंती, की यादीत एक ओळ वाढवावी : काठवट, नग १, आक्काची.

॥ पुंडलिक वरदे हरी विठ्ठल ॥