उंदरांचा नकार, कोंबड्यांचा होकार

१९७४ साल नुकतंच सुरू झालंय आणि तुम्ही टोकियोत सांक्यो या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उभे आहात. पिंजऱ्यांतले उंदीर धडधाकट आहेत. खाण्यातून दिलेलं औषध त्यांनी मुकाट्याने संपवलंय. चाळिशीचे अकिरा एन्डो त्यांच्या रक्ततपासणीचे आकडे बघतायत. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून डोकावता. कोलेस्टेरॉल तसूभरही उतरलेलं नाही.

या औषधासाठी किती खटाटोप झालाय, हे तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिल १९७१ पासून इथे सुमारे ६,००० बुरश्या आणि सूक्ष्मजीव एकेक करून तपासले गेले. यकृत कोलेस्टेरॉल बनवतं त्या वाटेवरचं मुख्य एन्झाइम अडवणारा पदार्थ हवा होता. तो सापडला क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत. नाव पडलं कॉम्पॅक्टिन. परीक्षानळीत ते चोख काम करतं, उंदरात मात्र नाही. डोस वाढवून पाहिला, पाच आठवडे देऊन पाहिलं, तरीही नाही. आणि औषध कंपन्यांचा शिरस्ता असा की उंदरात चाललं नाही, तर फाइल बंद.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, त्यामुळे ओरडून सांगावंसं वाटतं की हा उंदीर या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. एन्झाइम अडवलं, की त्याचं यकृत तेच एन्झाइम कित्येक पटींनी जास्त बनवायला लागतं आणि औषधाचा परिणाम पुसून टाकतं. शिवाय माणसाच्या धमन्यांत साचणारं एलडीएल कोलेस्टेरॉल उंदराच्या रक्तात मुळातच थोडं असतं. जे फारसं नाहीच, ते उतरणार काय? मला या सगळ्या हकिगतीत हा क्षण सर्वांत भीतिदायक वाटतो. औषध बरोबर होतं, मोजमाप बरोबर होतं, फक्त प्राणी चुकीचा होता. अशा किती फाइली जगभर बंद झाल्या असतील!

दोन वर्षं पुढे या. १९७६ चा वसंत. प्रयोगशाळेजवळच्या एका बारमध्ये एन्डो त्यांचे सहकारी नोरितोशी कितानो यांच्याशी बोलत बसलेत. कितानोंकडे संशोधनासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत. एन्डोंच्या मनात हिशेब जुळतो: अंड्याच्या बलकात एवढं कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडीचं शरीर ते भरपूर बनवत असणार आणि तिच्या रक्तातही ते भरपूर असणार. ते कोंबड्या मागून घेतात.

खुराड्यापाशी थांबा. खाद्यात ०.१ टक्का कॉम्पॅक्टिन मिसळलंय. कोंबड्या दाणे टिपतायत, वजन घटलेलं नाही, अंडी देणं पूर्वीसारखंच चालू आहे. महिनाभराने रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलेलं! मग कुत्र्यांत आणि माकडांतही ते उतरलं. बंद व्हायची फाइल पुन्हा उघडली.

माणसाच्या आजाराच्या आणखी जवळ जाणारा प्राणी पाहायला आता कोबेला चला. तिथल्या विद्यापीठात योशिओ वातानाबे यांना १९७३ मध्ये एक नर ससा सापडला. साध्या खाद्यावर असूनही त्याचं कोलेस्टेरॉल प्रचंड होतं. त्याच्यापासून त्यांनी चिकाटीने वंश वाढवला. त्या वंशातल्या सशांच्या धमन्या कोवळ्या वयातच चरबीने भरतात, पायाच्या बोटांवर चरबीच्या गाठी येतात. पुढे १९८१ मध्ये डॅलसचे संशोधक गोल्डस्टीन आणि ब्राउन यांच्यासह केलेल्या कामातून कारण कळलं: एलडीएल रक्तातून उचलून पेशीत नेणारा रिसेप्टर या सशांत जनुकातल्या दोषामुळे जवळजवळ नाहीच. जन्मजात उच्च कोलेस्टेरॉलच्या माणसांत नेमकं हेच बिघडलेलं असतं.

तसाच एक रुग्ण ओसाकाच्या रुग्णालयात आहे. फेब्रुवारी १९७८. अठरा वर्षांची मुलगी, आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं, कोलेस्टेरॉल हजाराच्या आसपास. डॉ. अकिरा यामामोटो तिला कॉम्पॅक्टिन सुरू करतात. कोलेस्टेरॉल उतरतं, पण थोड्याच दिवसांत तिच्या स्नायूंतली ताकद कमी होते. कुठल्याही कोंबडीने हे सांगितलं नव्हतं. डोस कमी केल्यावर ती सावरते. त्यानंतरच्या, कमी तीव्र आजाराच्या रुग्णांत घट सरासरी २७ टक्के होती.

पुढची वाटही सरळ नव्हती. कुत्र्यांना दोन वर्षं अतिशय मोठे डोस दिल्यावर गाठींचा संशय आला आणि १९८० मध्ये सांक्योने कॉम्पॅक्टिन थांबवलं. पण त्याचंच भावंड म्हणावं असं लोव्हास्टॅटिन अमेरिकेत मर्क कंपनीकडे होतं. १९८७ मध्ये त्याला तिथे मंजुरी मिळाली आणि या कुळातलं औषध, म्हणजेच स्टॅटिन, पहिल्यांदा औषधाच्या दुकानात आलं. आज आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या गोळ्या त्याच कुळातल्या.

ओसाकाच्या त्या मुलीत दोष दुहेरी होता, तशी माणसं फार थोडी. पण एकाच पालकाकडून तो आलेली माणसं दर अडीचशेत साधारण एक आढळतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. तुमच्या घरात कुणाला ऐन तरुणपणी हृदयविकाराचा झटका आला असेल, तर त्यांच्या भावंडांचं आणि मुलांचं कोलेस्टेरॉल याच महिन्यात तपासून घ्या.