सागरतळींचें दुर्भिक्ष

दुर्भिक्ष म्हटलें कीं भेगाळलेली जमीन आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत, समुद्राच्या तळाशीं, दरवर्षीं एक दुर्भिक्ष पडतें. आणि तेंही ऐन पर्जन्यकाळीं! तें असतें पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूचें. त्याचें कारण कसकसें उमगत गेलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा मानस आहे.

१९३३-३४ सालीं सेमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखालीं 'मबाहिस' या मिसरी जहाजानें अरबी समुद्राचें संशोधन केलें. खोल समुद्राच्या मधल्या थरांत प्राणवायु नाममात्र असतो, हें अशा मोहिमांनीं स्पष्ट झालें. पण खोलांतील ही उणीव उथळ किनाऱ्याशीं येते कशी? १९५९ सालीं कॅरदर्स व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईसमोर हा थर उतारावरून किनाऱ्याकडे चढत असल्याचें दाखविलें. त्याच वर्षीं कार्ल बान्से यांनीं, नैर्ऋत्य किनाऱ्यावर तळचे मासे अशा पाण्यापासून दूर जातात, असें प्रतिपादिलें.

पावसाळ्यांत किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहूं लागतो, आणि खालचें थंड, प्राणवायुहीन पाणी वर सरकतें. त्यावर पाऊस आणि सह्याद्रीच्या नद्या गोड्या पाण्याचा पांचदहा मीटरांचा थर पसरतात. हलकें पाणी वर, जड खालीं. जणूं हंड्यावर झांकणच बसतें. वर सूक्ष्म वनस्पति माजतात, मरून तळाशीं जातात, आणि त्या कुजतांना उरलासुरला प्राणवायु संपून जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरांत तर कधीं कधीं हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु निर्माण होतो. पुढें प्रवाह उलटला म्हणजे समुद्र पुन्हां श्वास घेतो.

मग मनुष्य निर्दोष काय? २००० सालीं डॉ. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, शेतांतील खतें वाहून आल्यानें ही आपत्ति तीव्र होत असावी, असा इशारा दिला. उलट, २०१७ सालीं असें दिसून आलें कीं, हिंदी महासागराच्या पूर्व व पश्चिम भागांतील तापमानाच्या फेरानें कांहीं वर्षीं तिची तीव्रता टळतेही.

दोन्ही मतें परस्परविरोधी आहेत, असें आम्हांस वाटत नाहीं. ऑगस्टांत मासेमारीची बंदी उठते आणि कोळी जाळें टाकतो, तेव्हां तळ गुदमरलेलाच असतो. निसर्गानें काठोकाठ भरलेल्या या पेल्यांत आपण थेंबाचीही भर घालूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.