घाटाचा चढ आणि मालमोटारीचा पंखा

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगावयाचा म्हटले की कोनशिला, उद्घाटने आणि परदेशी करार यांची यादी ओघानेच पुढे येते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ सालची. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६६ साली टेल्कोने येथे पाय रोवले. ही यादी खरीच आहे. परंतु श्रोतेहो, ज्या हातांनी हा सारा उद्योग चालविला त्या हातांना काय ठाऊक होते, हे तीवरून कळत नाही. ते कळावे म्हणून आम्ही आज एक साधी वस्तू आपल्यापुढे ठेवतो: जुन्या मालमोटारीचा रेडिएटर आणि त्याच्या पाठीमागचा पंखा.

इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्साच कामास येतो. सुमारे तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेला बराचसा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हे पाणी इंजिनाभोवती फिरवितो; तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते. १९०० साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यात ८०७० चौकोनी नळ्या होत्या. गाडी सावकाश चालत असता वारा अपुरा पडतो, म्हणून त्यामागे त्यांनी एक पंखाही बसविला.

हा पंखा किती मोलाचा, हे आमच्याकडे बोरघाटाने शिकविले. १९५४ साली टेल्कोचा जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार झाला आणि जमशेदपूरहून लांब नाकाच्या टाटा-मर्सिडीज मालमोटारी बाहेर पडू लागल्या. मुंबई-पुणे रस्त्याने चिंचवडवरून जाणाऱ्या गाड्यांना हाच घाट होता. मुंबईकडून माल भरून येणारी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढते तेव्हा इंजिन जोरात फिरते, पण गाडी माणसाच्या चालीने सरकते. समोरचा वारा जवळजवळ नाही, आणि पश्चिमेचा वारा पाठीमागून. अशा वेळी सारी भिस्त पंख्यावर. तो कमी पडला की पाणी उकळले, बॉनेट उघडले आणि क्लीनर डबा घेऊन झऱ्याकडे धावला.

अशीच एक जुनी मालमोटार काही वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका गॅरेजात दुरुस्त होत असताना आम्ही तेथे बसलो होतो. काम पाहणारे फिटर निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. त्यांनी रेडिएटर रबराच्या गाद्यांवर ठेवला आणि बोल्ट बेताचेच आवळले. कारण खडबडीत रस्त्यावर चासी पिळते, आणि घट्ट आवळलेल्या टाकीचा डाख सुटतो. खालच्या होज पाइपात तारेची स्प्रिंग आहे की नाही हे चाचपून पाहिले; ती नसली तर पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो. मग पट्टा अंगठ्याने दाबून त्याचा ताण अजमावला. पंखा मात्र एका तरुण मुलाने बसविला होता. इंजिन सुरू झाले, वारा आला, मुलगा खूश झाला.

फिटर म्हणाले, "बंद कर रे. पंखा उलटा बसलाय."

"पण काका, वारा तर बरोबर आत ओढतोय की!"

"इथं ओढतो. खंडाळ्याला ओढंल का?"

श्रोतेहो, येथेच सारी मेख आहे. पंख्याची पुढची बाजू मागे केली तरी वारा उलट दिशेने वाहात नाही. पात्यांचा पीळ तोच राहतो. फक्त पात्याची खोलगट बाजू, जी इंजिनाकडे हवी, ती रेडिएटरकडे येते आणि वारा कमी पडतो. अंगणात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. घाटात येते. काकांनी पंखा उतरविला, फिरविला, पुन्हा बसविला आणि पाती जाळीपासून पुरेशी दूर आहेत ना, हे बोटांनी मोजले; गचका बसला की रबरावरचे इंजिन पुढे सरकते आणि पाते जाळी फाडते.

ही विद्या करारासोबत नकाशांतून आली, असे कोणी म्हणेल. काही अंशी आली. पण पुण्याच्या तांबट आळीत तांब्यापितळेवर पिढ्यान् पिढ्या घाव पडत आले आहेत. तांबे, पितळ, डाख येथल्या हातांना परके नव्हते. तो करार १९६९ साली संपला. टेल्कोच्या पुणे कारखान्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ साली. मधल्या काळात जे टिकले ते शिकाऊ मुलाला 'असे का' हे सांगणाऱ्या जुन्या कामगारांमुळे टिकले, असे आमचे मत आहे.

२००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि १९९४ पासून पिंपरीत असलेली मर्सिडीज-बेंझ इंडियाही त्याच वर्षी तेथे गेली. आता रेडिएटर अॅल्युमिनियमचा झाला; मोटारगाड्यांत पंखा विजेवर फिरतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र जोडूनच येतात. उलटा बसण्याची सोयच ठेवलेली नसते. यात वाईट काही नाही. चुका टळतात, बोटे वाचतात. परंतु ते बसविणारा मुलगा पुष्कळदा कंत्राटी असतो आणि काही महिन्यांनी दुसरीकडे जातो. त्याला बोल्ट किती आवळावा हे सांगतात, का आवळावा हे सांगत नाहीत. मग वाटाघाटीत त्याचे काम 'अकुशल' ठरते, आणि पगारही त्याच मापाने ठरतो.

म्हणून पगाराच्या मागणीशेजारी आम्ही दुसरी मागणी लिहितो: कामगाराला कामाचे कारण शिकविले पाहिजे. त्या दिवशी गॅरेजातून निघताना मुलाने पंख्याच्या खोलगट बाजूवर खडूने 'इंजिन' असे लिहून ठेवले होते. काकांनी ते वाचले आणि पुसले नाही.