काळवत्रीखालचा ग्रॅनाइट

पुणें शहर काळवत्री दगडावर वसलें आहे. पाताळेश्वराचें लेणें त्यांतच कोरलें आहे आणि पर्वतीची टेकडीही त्याचीच आहे. या कातळास आम्ही सहज ‘आदिम’ म्हणतों. परंतु भूगर्भशास्त्राच्या पंचांगांत तो अर्वाचीनच ठरतो. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर सांचून तो निर्माण झाला. मग त्याच्या आधीं या भूमीवर काय होतें? महाराष्ट्राच्या इतिहासाचें हें पहिलें प्रकरण बहुतेक ठिकाणीं काळ्या पाषाणाखालीं झाकलें गेलें आहे.

तें उघडण्यास एक आपत्ति निमित्त झाली. कोयनेचें धरण भरूं लागल्यावर त्या खोऱ्यांत धक्के जाणवूं लागले आणि डिसेंबर १९६७ मध्यें ६.३ तीव्रतेच्या भूकंपानें दीडशेहून अधिक बळी घेतले. धक्क्यांचें मूळ शोधण्यासाठीं पुढें केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें तेथें खोल छिद्रें घेतलीं. त्यांपैकीं एक २०१७ सालीं ३ किलोमीटर खोलीपर्यंत पोहोंचलें. सुमारें सव्वा किलोमीटर काळवत्री भेदल्यावर हातीं आला तो ग्रॅनाइट आणि त्याच्याच जातीचा, नाइस नांवाचा पट्टेदार खडक.

ग्रॅनाइट येतो कोठून, हा वाद जुना आहे. जर्मन पंडित वेर्नर याच्या मतें तो आदिसमुद्राच्या पाण्यांतून तळीं सांचला. जेम्स हटन यानें १७८५ सालीं स्कॉटलंडांतील ग्लेन टिल्ट येथें ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकांत घुसलेल्या पाहिल्या आणि तो एके काळीं तप्त रस होता असें दाखविलें. पण तो रस कशाचा? पृथ्वीच्या पोटांतून नवा वर आलेला, कीं जुनीच भूमि वितळून झालेला? नुसत्या डोळ्यांनीं याचा निर्णय होत नाहीं. येथें समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीअधिक वजनाच्या अणूंची, साक्ष काढावी लागते.

ग्रॅनाइटमधील झिरकॉन नांवाचा बारीक स्फटिक जन्मतांना युरेनियम सामावून घेतो. शिसें मात्र बहुतेक घेत नाहीं. पुढें त्या युरेनियमचें ठरल्या गतीनें शिसें होत जातें. दोहोंचें प्रमाण मोजलें कीं स्फटिकाची जन्मवेळ कळते. युरेनियम व शिसें यांवरून खडकांचीं वयें कशीं काढावींत, हें आर्थर होम्स या इंग्रज शास्त्रज्ञानें १९११ सालींच दाखविलें होतें.

जन्मवेळ कळली तरी कुळ कळत नाहीं. तें स्ट्राँशियम सांगतें. रुबिडियम-८७ चें रूपांतर फार मंद गतीनें स्ट्राँशियम-८७ मध्यें होतें. निम्में होण्यास सुमारें ४,९०० कोटी वर्षें लागतात. भूकवचांत रुबिडियम पुष्कळ, त्याखालील प्रावरणांत अगदीं थोडें. म्हणून कवच जसजसें जुनें होतें, तसतसें त्यांतील स्ट्राँशियम-८७ व ८६ यांचें गुणोत्तर वाढत जातें. ग्रॅनाइटचें जन्मकाळचें गुणोत्तर ०.७० च्या आसपास असल्यास द्रव्य प्रावरणांतून फार पूर्वीं निघालेलें नाहीं. बरेंच अधिक असल्यास जुनी भूमि पुन्हां वितळलेली आहे. १९७४ सालीं चॅपेल व व्हाइट यांनीं ऑस्ट्रेलियांतील ग्रॅनाइटांची अशीच दोन कुळांत वांटणी केली: एक अग्निजन्य खडक वितळून झालेलें, दुसरें गाळाचे खडक वितळून झालेलें.

कोयनेखालील झिरकॉनांनीं आपलें वय सुमारें २७० कोटी वर्षें सांगितलें. म्हणजे काळवत्रीच्या चाळीसपट! या खडकाचे भाऊबंद कर्नाटकांतील धारवाडच्या प्राचीन भूभागांत सांपडतात. तेथील कांहीं नाइस ३३० कोटी वर्षांचेही आहेत. सह्याद्रीखालीं तीच भूमि पसरली आहे. आश्चर्य हें कीं, कोयनेस ग्रॅनाइट व लाव्हा यांच्यामध्यें गाळाचा थरच आढळला नाहीं. दोहोंमधील कोट्यवधि वर्षांच्या बखरीचें एकही पान त्या जागीं उरलेलें नाहीं.

ही विद्या उद्यांचा धक्का वर्तवूं शकत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण कोयनेचे बहुतेक धक्के काळवत्रीखालच्या या जीर्ण ग्रॅनाइटांतील भेगांवरच उद्भवतात. तो खडक कशाचा व किती वेळां भंगलेला आहे, हें जाणल्यावांचून तेथें पाणी काय करतें याचा उलगडा होणार नाहीं. राजवंशांच्या सनावळ्या आम्ही आवडीनें पाठ करतों. ज्या भूमीवर ते वंश नांदले आणि जिच्यावर आजही खोऱ्यांतील लोक रात्रीं निजतात, तिच्या सनावळीकडेही सुशिक्षितांचें लक्ष जावें, इतकीच आमची विनंती आहे.