पिकअपचा पिकअप

दिवाळी सरते आणि बाभुळगाव तालुक्यात कापसाची वेचणी भरात येते. मग यवतमाळ–धामणगाव रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्या दिसू लागतात. वरून जाळी, जाळीवर दोर, मागच्या फळीबाहेर डोकावणारा पांढरा गठ्ठा. धामणगाव वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे, यवतमाळ वरच्या पठारावर, आणि बाभुळगाव या दोहोंच्या वाटेवर. त्यामुळे यवतमाळकडे निघालेल्या भरल्या गाडीला चढ चुकत नाही. जुन्या गाडीचे खरे वय इथे कळते. रोज तिसऱ्या गिअरमध्ये निघणारा चढ एके दिवशी दुसऱ्यातही निघत नाही. पाय शेवटपर्यंत दाबलेला असतो, इंजिन ओरडत असते, आणि मागून येणारा ट्रॅक्टर पुढे निघून जातो.

अशी गाडी गॅरेजसमोर उभी राहिली की पहिले वाक्य ठरलेले असते : "भाऊ, पिकअपचा पिकअप गेला." मराठीत या एका शब्दाने दोन घरे केली आहेत. मागे उघडा हौदा असलेली मालगाडी म्हणजे पिकअप, आणि इंजिनची उचल म्हणजेही पिकअप. पहिली 'ती' आणि दुसरा 'तो', एवढाच फरक. कोणी म्हणते गाडीत दम नाही, कोणी म्हणते गाडी ओढून नाही राह्यली. मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. तो विचारतो, "कधीपासून? रिकामी असतानाही, की भरल्यावरच? धूर कसा मारते?"

हे तीन प्रश्न पिकअपपेक्षा फार जुने आहेत. त्यांचा माग काढायचा तर बैलबंडीपर्यंत जावे लागते.

बाभुळगावच्या नावातच बाभूळ आहे. बंडीच्या चाकांसाठी सुताराची पहिली पसंती याच लाकडाला असे, कारण बाभूळ कठीण, चिवट आणि धक्के सोसणारी. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवायची, ती आधी विस्तवात लाल करायची, चाकावर चढवून पाणी ओतायचे, म्हणजे ती आकसून लाकडाला घट्ट धरते. 1867 मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोचली. धामणगावचे स्टेशन याच मार्गावर आहे. मुख्य लोहमार्गापासून दूर राहिलेल्या यवतमाळच्या मुलखातला कापूस बंड्यांनी स्टेशनाकडे जाऊ लागला. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला नॅरो गेज रेल्वे आली. तीच पुढे 'शकुंतला' म्हणून ओळखली गेली. पण ती दारव्ह्याच्या अंगाने गेली. बाभुळगावच्या वाट्याला रस्ताच राहिला.

बैल नेहमीच्या ओझ्याला धापा टाकू लागले, तर जाणता गाडीवान आधी बैलाला दोष देत नसे. तो खाली उतरून चाकाच्या तुंब्याला हात लावी. तुंबा तापलेला असेल तर वंगण संपले आहे आणि चाक आखाला धरते आहे. दोष ओढणाऱ्यात नाही, ओढल्या जाणाऱ्या वस्तूत आहे. आजचा मिस्त्री दम गेलेल्या पिकअपची चारही चाके हाताने चाचपतो, ते याच कारणासाठी. ब्रेक जाम झालेल्या चाकाचा ड्रम इतका तापतो की त्यावर पाण्याचे थेंब टाकले तर चर्र आवाज होतो. इंजिन धडधाकट असते. ते बिचारे अडकलेले चाक ओढत असते.

निदानाची पहिली शाळा ही बंडी; दुसरी भरली विहिरीवर. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन 1897 मध्ये यशस्वी ठरले. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्राच्या विहिरी-नाल्यांवर मोट मागे पडून 'इंजन' आले. वीज पोचेपर्यंत ओलिताची भिस्त त्याच्यावर होती. एकच सिलिंडर, जड फ्लायव्हील, हँडल मारून सुरू करायचे, थंड ठेवायला शेजारी पाण्याची टाकी. विदर्भातल्या कित्येक डिझेल मिस्त्रींच्या हाताला पहिले काळे लागले ते याच यंत्राचे.

तिथे बिघाड सांगायला मीटर नव्हता. पाइपाची धार होती. धार बारीक झाली की शोध सुरू होई. इंजिनचा आवाज जड आहे की हलका? हलका असेल तर इंजिनवर भारच येत नाही. एक तर फूटव्हॉल्व्ह, ज्याला शेतकरी सर्रास फुटबॉल म्हणतात, तो कचऱ्याने चोंदला, किंवा ओढणाऱ्या पाइपाने कुठेतरी हवा घेतली. नाहीतर पट्टा घसरतो आहे : इंजिन जोरात, पंप मंद. मग पट्ट्याला राळ लावायची. आवाज जड आणि धूर काळा असेल, तेव्हाच इंजिनकडे वळायचे.

पिकअपमध्ये पट्ट्याच्या जागी क्लच प्लेट आली. ती झिजली की तेच होते : इंजिनचा आवाज चढतो, गाडीचा वेग चढत नाही. खात्री करायची रीतही साधी आहे. हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. चालूच राहिले तर घसरतो आहे, आणि इंजिन खोलण्यात अर्थ नाही.

रस्त्यावर मोटारी आल्या त्या टप्प्याटप्प्याने. महिंद्रने 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. ती जीप पेट्रोलची होती. 1954 मध्ये टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डायम्लर-बेंझ यांच्या करारातून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनू लागले. 1958 मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे 'टेम्पो' हे नाव मराठीत इतके रुळले की लहान मालगाडी कोणाचीही असो, ती टेम्पोच झाली. पुढे मॅटाडोर आली, 1986 मध्ये टाटा 407 आली. महिंद्रने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी डिझेल इंजिनसाठी करार केला आणि इगतपुरीला इंजिने बनवली. 2000 मध्ये बोलेरो आली, पाठोपाठ तिच्या घराण्यातली पिकअप. 2005 मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले.

या काळात कापसाची वाहतूकही बदलली. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रांसमोर बंड्यांच्या रांगा लागत. बैल सोडून शेतकरी बंडीखाली रात्र काढत. त्या रांगेत आधी ट्रॅक्टर, मग 407, मग पिकअप शिरली. ज्याच्या दारात गाडी उभी, त्याच्यावर हप्ता आला. म्हणून हंगामात गाडी बसली की नुसता खोळंबा होत नाही, घरचे गणित मोडते.

गाड्यांच्या नावांमागे आणखी एक नाव गॅरेजच्या भिंतीवर रंगलेले असे : मायको. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने जर्मनीत 1927 पासून डिझेल इंजेक्शन पंपांचे उत्पादन सुरू केले. 1951 मध्ये तिच्याच भागीदारीत बेंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, स्थापन झाली आणि पंप व नोझल देशात बनू लागले. 2008 मध्ये कंपनीने बॉश हे नाव घेतले, पण जुने मिस्त्री अजून मायकोचा पंप म्हणतात. पंप-नोझलचे काम ही वेगळी विद्या ठरली. त्याला यंत्र लागते, स्वच्छ बंद खोली लागते, आणि ती सोय सहसा मोठ्या गावात. पंप उतरवून यवतमाळला किंवा अमरावतीला पाठवायचा म्हणजे हंगामातले दिवस जाणार. त्यामुळे गावच्या मिस्त्रीला एक शिस्त अंगी बाणवावी लागली : पंप उतरवण्याआधी दुसरे काहीच राहिलेले नाही, याची खात्री करायची. तालुक्याच्या गॅरेजमधली निदानाची कला या अंतरातून घडली.

ती शिस्त जवळून पाहण्यासारखी आहे. चाके आणि क्लच तपासून झाले की मिस्त्री बॉनेट उघडतो आणि पोराला पेडल पूर्ण दाबायला सांगतो. पंपावरचा लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकतो का? केबल सैल असेल तर ड्रायव्हरचा पाय शंभर टक्के दाबलेला असतो आणि पंपाला साठच पोचतात. मग हवा. एअर फिल्टर बाहेर काढायचा आणि उजेडासमोर धरायचा. काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या आवारात उडणारा तंतू, दोन्ही तिथे जमतात. टर्बोची गाडी असेल तर होज पाइप दोन्ही हातांनी वाकवून पाहायचा. चीर आत असते. एरवी मिटलेली, दाब आला की उघडणारी. तिथून हवा निसटली की चढावर गाडी शिट्टी मारते आणि काळा धूर सोडते.

धूर ही मिस्त्रीची नाडी. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर असेल तर इंजिनात ऑइल जळते आहे. गरम इंजिनातूनही पांढरा येत असेल तर डिझेल न जळता जाते आहे किंवा पाणी शिरले आहे. आणि दम नाही, पण धूरही नाही, तर डिझेलच पुरेसे पोचत नाही.

या शेवटच्या खुणेवर शोध टाकीकडे वळतो. टाकीचे झाकण उघडताना 'फुस्स' झाले, तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. टाकीत पोकळी तयार होते, डिझेल ओढले जात नाही. काही किलोमीटर गाडी नीट चालते आणि मग बसते. झाकण ठीक असेल तर बाटली लावायची. स्वच्छ डिझेलची कॅन बॉनेटजवळ उंचावर टांगायची आणि तिची नळी थेट फीड पंपाला जोडायची. टाकी, तिच्यातली जाळी, खालून गेलेला लांब पाइप, सगळे एका झटक्यात बाजूला. गाडीने दम धरला तर दोष मागे आहे : जाळीत गाळ, पाइपाला चीर, किंवा बॅरलमधल्या डिझेलबरोबर आलेले पाणी. डिझेलमध्ये हवा शिरली की ती हातपंपाने काढायची. विहिरीवरच्या पाइपाने हवा घेतली तेव्हा हेच घडत होते, फक्त तिथे पाणी होते.

एवढे होऊनही इंजिन मिसिंग करत असेल, तर चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काही फरक नाही, तर चोर सापडला. मग नोझल, टॅपेट, कॉम्प्रेशन, आणि अगदी शेवटी हेड. हेड खोलणे सर्वांत महाग, म्हणून ते सर्वांत शेवटी.

1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाली, आणि ही विद्या एका वळणावर आली. नव्या डिझेल गाडीत सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, आणि सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी सामाईक नळी, म्हणजे कॉमन रेल, आहे. जुनी नोझल साधारण शे-दोनशे बारच्या दाबाला उघडे. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. तिथे चालू इंजिनवर नट ढिला करणे जिवावरचे आहे, कारण इतक्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत घुसते. नव्या गाडीत दम जाणे हा कधी कधी बिघाडही नसतो. एखाद्या सेन्सरचे माप चुकले किंवा काजळीचा फिल्टर भरला की इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. म्हणून स्कॅनर हवा, आणि तो चालवण्याचे शिक्षणही हवे.

पण तापलेला तुंबा स्कॅनरला कळत नाही. हवेचा दाब कमी आहे, एवढे तो सांगेल. चीर होजच्या आतल्या घडीत आहे, हे हातालाच सापडेल. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे आणि तो मोलाचा आहे. मात्र बाटली लावणे, झाकणाची फुस्स ऐकणे, तुंब्याला हात लावणे हे तालुक्याच्या गॅरेजमध्ये एका हातातून दुसऱ्या हाताकडे जात आले. ज्या पिढीने विहिरीवरच्या इंजनापासून सुरुवात केली, ती आता थकली आहे. तिच्या हाताखालच्या पोरांनी ही तपासणी क्रमाने वहीत उतरवून ठेवावी, आणि आयटीआयच्या शिक्षकांनी या मिस्त्रींना वर्गात बोलवावे.

गाडीमालकांनाही एक सांगणे. दम गेलेली गाडी गॅरेजला नेताना चार गोष्टी ध्यानात ठेवून न्या : दम एकदम गेला की हळूहळू, भरल्या गाडीत की रिकाम्या, धुराचा रंग कोणता, आणि शेवटचे डिझेल कुठून भरले. तेवढ्यावर मिस्त्रीला पाना कुठे लावायचा ते कळते.